माती जागेवर साठवलेली आहे

खाण संपली की उरलेल्या खड्ड्याची परत जमीन कशी करायची आणि त्याला खर्च किती येईल, हे कागदावर मांडण्याचं काम मी बावीस वर्षं करते आहे. लोकांना हे सांगितलं की ते आधी हसतात. खड्डा भरायला कसला आलाय आराखडा, माती टाकायची की झालं. पूर्वी मीही त्यांच्याबरोबर हसायची. आता हसत नाही. माती टाकायची की झालं, हेच वाक्य जरा जड भाषेत लिहून मी इतकी वर्षं पगार घेतला, हे मला दोन वर्षांपूर्वी कळलं, आणि ते फार उशिरा कळलं.

आमचं ऑफिस हुबळीत, कोप्पीकर रोडवर, एका साडीच्या दुकानाच्या डोक्यावर. ऑफिसच्या मालकांना सगळे अण्णा म्हणतात. आम्ही दोघं, दोन कॉम्प्युटर आणि भिंतभर फायली, एवढाच पसारा. माझ्या वडिलांचं हुबळीच्या बाजारात गुळाचं दुकान होतं. आजोबा मिरजेकडून आलेले. घरात एकच शिकवण, मापात पाप नको. वडील तराजूचा काटा स्थिर होईपर्यंत गिऱ्हाइकाशी बोलत नसत. मी दुकानात बसले नाही, डिप्लोमा करून इकडं आले, पण तो काटा माझ्याबरोबर आला. माझी अंदाजपत्रकं तीन दशांशांपर्यंत असायची. अण्णा चेष्टा करायचे, "बाई, खड्ड्याला एवढं बारीक माप कशाला? दोन पावसांत तो स्वतःच बदलतो." मला ती चेष्टा आवडायची. शिस्तीच्या माणसाला लोक हसतातच, असं मी मनात म्हणायची.

धारवाडच्या पश्चिमेला, अळणावरकडं, जांभ्या दगडाच्या खाणी आहेत. घर बांधायचे चिरे तिथून येतात. तिथली जमीन अशी, की वर जेमतेम फूटभर लाल माती आणि खाली नुसता दगड. त्या फूटभर मातीवर माणसं भात पिकवतात. खाणवाला शेत काही वर्षांच्या कराराने घेतो. चिरे कापायच्या आधी तो फूटभर थर खरवडून शेताच्या कोपऱ्यात ढीग करून ठेवायचा, काम संपलं की खड्ड्याच्या कडा उतरत्या करून तीच माती तळावर पसरायची, असा नियम. खाणवाल्याची अनामत सरकारात अडकलेली असते. जमीन पूर्ववत केली असं पत्र गेलं की ती सुटते. त्या पत्रावर आराखडा करणाऱ्याची, म्हणजे माझी, सही लागते.

आमच्या प्रत्येक अंदाजपत्रकात एक ओळ ठरलेली होती. वरची माती : जागेवर साठवलेली आहे. पुढं मातीच्या खर्चाचा रकाना, त्यात शून्य. एका फायलीतून दुसऱ्या फायलीत ही ओळ मी डोळे झाकून उतरवायची. डोळे झाकून म्हणजे अगदी खरंच. तोवरच्या वीस वर्षांत मी एकही खाण पाहिली नव्हती. खाणवाल्याची माणसं फोटो पाठवायची, अण्णा मोजणी आणायचे, मी आकडे मांडायची. बाईमाणसानं खाणीत कशाला जायचं, असं सगळ्यांना वाटायचं. खरं सांगायचं तर मलाही ते सोयीचंच होतं. पंख्याखाली बसून मापं घेता येत असतील तर उन्हात कोण जातंय?

मग एक दिवस अण्णा म्हणाले की शेवटच्या पत्राबरोबर आता सही करणाऱ्याचाच जागेवरचा फोटो मागतात, तुला जावं लागेल. फाइल दोन एकरांच्या एका शेताची होती. सहा वर्षांचा करार संपला होता. मालकीण एक म्हातारी बाई. खाणवाल्याला पत्र लवकर हवं होतं. मी छत्री घेतली, पाण्याची बाटली घेतली, आणि सहलीला निघाल्यासारखी जीपमध्ये बसले. गाडी चालवायला अप्पा होते, आमचे ड्रायव्हर. पूर्वी ते खाणीवर टिपर चालवायचे. पाठ धरली म्हणून अण्णांनी त्यांना ऑफिसात घेतलं होतं.

मग खड्डा पाहिला. आराखड्यात मी त्याची खोली सहा मीटर लिहिली होती. सहा मीटर हा आकडा मी इतक्या वेळा लिहिलाय की तो मला घरातल्या भांड्यासारखा ओळखीचा होता. पण काठावर उभं राहिल्यावर मला कळलं की सहा मीटर म्हणजे काय ते मला ठाऊकच नव्हतं. मशीननं कापलेल्या भिंती सरळ खाली गेलेल्या, पात्याच्या रेघा आडव्या उभ्या तशाच. तळ फरशीसारखा साफ. एका कोपऱ्यात थोडी खडी टाकून कडेला उतार करायला सुरुवात केल्यासारखं केलं होतं. एका बाजूला शेजारच्या शेताचा बांध अर्धा तुटून लोंबकळत होता. मी काठापासून मागं सरले. भीती वाटली म्हणून नव्हे, लाज वाटली म्हणून.

शेताची मालकीण आमची वाट बघत उभीच होती. साठी कधीच ओलांडलेली, काटक, हातात खुरपं. मी तिला अक्का म्हटलं. तिनं मला नीट न्याहाळलं आणि सरळ मुद्द्यावर आली.

"माती कवा टाकताय वो बाई? मिरगाच्या आत टाकलासा तर यंदाचं भात धरतंय. सहा वर्षं झाली, मी आणि सून दुसऱ्याच्या रानात कामाला जाताव. ल्योक बेलूरला फॅक्टरीत हाय, त्यो म्हणतोय रान विसर आता. मी म्हणलं, कागुद केलाय, परत द्यायचा करून लिव्हलंय. विसरू कसं?"

मी तिला धीर दिला. आता त्या धीराची आठवण आली तरी कान तापतात. म्हटलं, "अक्का, काळजी करू नका, तुमची माती त्या उत्तरेच्या कोपऱ्यात ठेवलेली आहे, तीच परत पसरायची आहे." आणि मी हात करून कोपरा दाखवला. कोपऱ्यात रानतुळशीचं झुडूप होतं. बाकी काही नव्हतं.

मी फाइल उघडली. फोटो होता. लाल मातीचा उंच ढीग, पायथ्याशी एक म्हैस. दरवर्षी हाच फोटो यायचा. दरवर्षी म्हैस त्याच जागी, त्याच बाजूला मान वळवून. मला ते दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं. त्यांच्या घरचीच असेल, तिथंच चरत असेल, असं म्हणून मी फोटो चिकटवायची. तीन दशांश मोजणाऱ्या बाईला एकाच म्हशीचा एकच फोटो सहा वर्षं ओळखता आला नाही.

अक्कानं फोटो हातात घेतला आणि बराच वेळ बघितला.

"आमची म्हस," ती म्हणाली. "ती मरून चार वर्षं झाली की."

"आणि माती?"

"माती कुठली हो? फोटू काढला आणि आठवड्याभरात टिपर लागलं. मी इचारलं, कुठं नेतासा करून. म्हणाले, हुबळीला ठेवायला नेताव, हितं वाहून जातीय. परत आणताव. मला वाटलं हापिसात ठेवतात काय की."

हापिसात ठेवतात. हे ती गंभीरपणे म्हणाली. मला हसू यायला हवं होतं, आलं नाही. दगडाच्या त्या फरशीकडं बघत मी विचार करत होते की फक्त पसरण्याची मजुरी धरून मी या बाईला भात पिकवायला सांगणार होते, तेही स्वतःच्या सहीनं.

परत येताना मी अप्पांवर चिडले. चिडायला दुसरं कुणी समोर नव्हतं. म्हटलं, अप्पा, तुम्ही तेव्हा टिपरवर होता, तुम्हाला ठाऊक असणार, कुठं गेली माती? अप्पा शांतपणे गिअर बदलत म्हणाले, "कुठं जाणार मॅडम, नवीन लेआउटला, प्लॉटवर. गार्डनला लाल मातीच मागतेत लोक. नवनगरला तुमच्या मनीला, घराला पण तीन लोड मीच टाकलो की री. अण्णांनी सांगितलं होतं, मॅडमचं घर नवीन आहे, पैसे घेऊ नको करून."

मी गाडी थांबवायला सांगितली. रस्त्याकडेला उतरले आणि आल्या वाटेनं चार पावलं मागं चालत गेले. अप्पांनी पाण्याची बाटली पुढं केली. त्यांना काय चुकलं तेच कळेना, आणि त्यांचं चुकलं तरी काय होतं?

नवनगरला आमचं घर झालं तेव्हा मागच्या परड्यात नुसता बांधकामाचा मुरूम होता. अण्णा म्हणाले, माती पाठवतो. आली. आईनं पहिल्या टिपरला हळदकुंकू लावलं, अप्पांना नारळ दिला. त्या मातीत आईनं शेवगा लावला, कढीपत्ता लावला, अळू लावलं. शेजारणी म्हणायच्या, काय माती आहे हो तुमची. आई म्हणायची, माझ्या लेकीच्या ऑफिसातून आली.

त्या संध्याकाळी मी घरी येऊन आईला सगळं सांगितलं. ती अळूची पानं चिरत होती, तिनं विळी बाजूला सारली आणि म्हणाली, "मग परत देऊन टाक."

मी हिशेब केला. दुसरं मला येतं काय? एका टिपरमध्ये दोन ब्रास, तीन टिपरचे सहा. फूटभर थर धरला तर सहा ब्रासमध्ये भरतो अर्धा गुंठा, फार तर थोडा वर. अक्काचे ऐंशी गुंठे. आमचं सगळं परडं खरवडून नेलं तरी तिच्या शेतात दोन खोल्यांचं घर मावेल एवढीच जागा होणार होती. आई म्हणाली, "तुझं गणित बरोबर असेल, पण मला आता ही भाजी गिळायची नाही." तिनं चिरलेलं अळू तसंच गायीला घातलं.

दुसऱ्या दिवशी मी अण्णांच्या टेबलावर पत्र ठेवलं, बिनसहीचं. भांडायची तयारी करून गेले होते. अण्णा भांडले नाहीत, हाच त्यांचा वाईट गुण. चष्मा पुसत म्हणाले, "बरोबर आहे तुझं. शून्य खोड, मातीचा खरा दर धर. खाणवाला ओरडेल, ओरडू दे, त्याची अनामत आहेच. फक्त माती कुठून आणणार ते लिहावं लागेल. रकाना आहे त्यासाठी."

रकाना होता. मी तो कधी वापरला नव्हता. शून्य खर्चाच्या मातीला कुठून विचारायचं कारण नसतं.

एका माती पुरवणाऱ्याला फोन लावला. माणूस खुशीत होता. किती लोड पाहिजेत, साडेचारशे? आहे की. लाल माती, एकदम गाळीव, सोमवारपासून सुरू करतो. मी विचारलं, कुठली? त्यानं गाव सांगितलं, शेताचा नंबर सांगितला. मी लिहून घेतलं, फोन ठेवला, आणि तो नंबर कुठंतरी लिहिलाय असं वाटून कपाट उघडलं. फाइल तिसऱ्या कप्प्यात होती. खाण नुकतीच सुरू झालेली. आराखडा माझा, अक्षर माझं, चार महिन्यांपूर्वीचं. वरची माती : जागेवर साठवलेली आहे.

मी फाइल अण्णांना दाखवली. ते म्हणाले, "मग तुला काय वाटलं? माती कुठं कारखान्यात होते काय? कुणाच्या तरी शेताचीच असणार." एक शेत भरायचं तर दुसरं रिकामं करायचं आणि दोन्हीकडं सही माझी. इतकी वर्षं मी हे काम करत होते आणि हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं, याचाच मला सगळ्यात मोठा धक्का बसला.

शनिवारी मी एसटीनं अक्काकडं गेले. निर्णय तिनं घ्यावा असं वाटत होतं, हे मी कबूल करते. मनातून मला तिनं नकोच म्हणायला हवं होतं. गरीब बाई, मोठं मन, असलं काहीतरी. म्हणजे मी सुटले असते. तिच्या उंबऱ्यावर बसून मी तिला सरळ सांगितलं. माती मिळते आहे, सोमवारपासून पडेल, पण ती दुसऱ्या एका बाईच्या शेतातली आहे, तुमच्यासारखीच कोपऱ्यात ठेवलेली, आणि तिला त्याचा पत्ता नाही.

अक्का शेंगा फोडत होती. एक शेंग फोडली, दुसरी फोडली.

"माझी नेली तवा मला इचारायला कोण आलतं?" ती म्हणाली. "टाक बाई. मिरगाच्या आत टाक."

मला हे अपेक्षित नव्हतं. राग यायला हवा होता तर तोही येईना. तिची सहा वर्षं गेली होती, माझ्या परड्यात तिचा अर्धा गुंठा होता, आणि उदारपणाची मागणी मी तिच्याकडं करत होते. हेही मी तिला सांगितलं. तिनं ऐकलं, मान हलवली, शेवगा येतो काय विचारलं. येतो म्हटलं. "येणारच," ती म्हणाली.

मी जायला उठले तेव्हा तिनं मागून विचारलं, "त्या बाईला सांगितलंस?"

"नाही."

"मग सांग. माती जाऊ दे, खरं सांगून जाऊ दे. मला कुणी सांगितलं न्हवतं."

पुरवठादाराला हो कळवलं, आणि सोमवारी सकाळी मी त्या दुसऱ्या गावी गेले. घरी कुणी नसेल तर बरं, अशी आशा करत गेले. बाई घरीच होती, माझ्यापेक्षा लहान, चुलीपुढं भाकरी थापत होती. नवरा कामावर गेलेला. मी कोण, कुठल्या ऑफिसातली, हे सांगितलं तर तिनं हसून पाट दिला. माती ना, ठेवलीय की कोपऱ्यात, म्हणाली. मी तिला सांगितलं की ती आज जाणार आहे. परत येणार नाही. फोटो तेवढा येत राहील. अक्काचं शेत, अक्काची म्हैस, सगळं सांगितलं. तिचा हात पिठात तसाच होता. तेवढ्यात वाटेवर टिपरचा आवाज आला.

तिनं तवा उतरवला. पदर खोचला. पिठाच्याच हातानं, पायात चप्पल न घालता ती शेताकडं निघाली आणि मी तिच्या मागं. ढीग तिच्या घराएवढा उंच होता. जेसीबीनं पहिला घास घ्यायला हात उचलला होता. ती मागच्या बाजूनं वर चढली आणि ढिगाच्या माथ्यावर मांडी घालून बसली. जेसीबीवाला आधी हसला, मग ओरडला, मग त्यानं फोन लावला. दुपारी नवरा आला, तोही तिच्या शेजारी जाऊन बसला. तीन वाजता टिपर रिकामा परत गेला. पुरवठादारानं मला फोन करून जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

अक्काची पेरणी त्या वर्षी झाली नाही. अंदाजपत्रकात मातीचा खरा दर आहे, माती कुठली हा रकाना कोरा आहे, म्हणून पत्र निघत नाही. खाणवाल्याची अनामत अडकलेली आहे आणि अक्काचं शेतही. माझी सही नाही, एवढंच मी करू शकले, आणि त्यानं भात उगवत नाही. अण्णांनी ती ठरलेली ओळ कॉम्प्युटरमधून काढून टाकली. आता प्रत्येक ढिगाजवळ मी स्वतः जाऊन उभी राहते.

पण दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, हे काही ठरलं नव्हतं. मला फक्त अक्काला तोंड दाखवायचं होतं. ती अंगणातच होती. सुनेला घेऊन तिनं बियाण्याचं भात सुपात पाखडायला काढलं होतं. मी म्हटलं, अक्का, माती येणार नाही. मी त्या बाईला सांगितलं, तर ती ढिगावर जाऊन बसली. उठलीच नाही.

सुनेनं सूप खाली ठेवलं. अक्का माझ्याकडं बघत होती. शिव्या देईल, हाकलून देईल, असं वाटून मी पायरीवरच थांबले होते.

"बसली?" तिनं विचारलं.

"बसली."

अक्कानं सुपातलं भात परत पोत्यात ओतलं आणि पोत्याचं तोंड सुतळीनं बांधलं. गाठ नीट बसली का ते ओढून बघितलं.

"मी बी बसायला पायजे होतं," ती म्हणाली, आणि सुनेला चहा टाकायला सांगितला.